दहावं रीळ

दर दहा मिनिटांनी तो उभा राहायचा. लग्नाच्या पंगतीत असो, दवाखान्याच्या बाकावर असो, माझ्याशी भांडत असो. दहा मिनिटं झाली की उठायचा, एक पाऊल उजवीकडे टाकायचा, क्षणभर थांबायचा आणि पुन्हा बसायचा. नवख्या माणसाला वाटायचं, गुडघे धरले असतील. गुडघे ठणठणीत होते. गेवराईच्या टॉकीजमध्ये त्यानं तीसेक वर्षं पिक्चर चालवले होते. केबिनमध्ये दोन मशिनी असतात. एकीवरचं रीळ दहा मिनिटांत संपतं, त्याआधी दुसरी चालू करावी लागते. टॉकीज बंद पडली, तिच्या दाराला कुलूप लागलं, पण ही बातमी त्याच्या पायांपर्यंत कधी पोहोचलीच नाही.

सगळं गाव त्याला ऑपरेटर म्हणायचं. पुढे तो कूलर आणि पंख्यांच्या मोटारी भरून द्यायला लागला, तरी ऑपरेटरच. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला तोंडावर 'तुमी' म्हणायचो, चिडलो की 'तू'. त्यामुळे 'तू'च जास्त व्हायचं.

मी त्याच्यावर अजून रागावलेलो आहे, हे आधीच सांगतो. तो जाऊन दोन वर्षं झाली, माणूस गेल्यावर राग धरू नये असं म्हणतात. म्हणणाऱ्यांना बीडला कोणी भर सभेत खोटं पाडलेलं नसतं.

त्याचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या बोळात होतं. दुकानाच्या मधोमध त्यानं पत्र्याची भिंत घातली होती आणि तिला वीतभर चौकोनी भोक पाडलं होतं. तो भिंतीमागे उंच स्टुलावर बसायचा आणि त्या भोकातून जगाशी बोलायचा. गिऱ्हाईक कूलर घेऊन आलं की त्याला आधी दोन डोळे दिसायचे. एक बाई घाबरून मोटार तिथंच टाकून गेली होती.

"कावून अशी भिंत घातली?" मी एकदा विचारलं.

"जिंदगीभर भोकातून पाहिलं," तो म्हणाला. "समोरून पाहिलं की माणूस लई मोठा दिसतो. खोटा वाटतो."

माणसांची मापंही त्याची वेगळी. आमदार आठ रिळांचा. बायको सोळा रिळांची, 'आन् इंटरवल न्हाई.' मी किती रिळांचा, हे विचारलं तेव्हा म्हणाला, "सेठ, तू ट्रेलर हाय. आवाज मोठा, लवकर संपतो."

मी काही कोणाच्या जिवावर सेठ झालो नाही. सातवीत शाळा सुटली. चुलत्याच्या हाताखाली बैलबाजारात दलाली शिकलो. मग जुने पंप, जुने पाइप, जुने ट्रॅक्टर, आणि आता हायवेला गोडाऊन आहे. डोकं तापतं लवकर, हे मान्य. पण माझ्या तोंडून एकदा गेलेला आकडा कधी मागे आला नाही. बाजारात माझ्याकडे भांडवल तेवढंच होतं.

आणि मला एक नाद होता. नाद म्हणा, शिक्षण म्हणा. काळ्या-पांढऱ्या जमान्यात रहस्यपट काढणारा एक दिग्दर्शक होऊन गेला. आम्ही त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचो. माझ्या तरुणपणी गेवराईला नवे पिक्चर यायला वेळ लागायचा, म्हणून टॉकीजवाला स्वस्तात मिळणारे साहेबांचे जुने पिक्चर सकाळच्या खेळाला लावायचा. बैलबाजार उरकला की मी शेणानं भरलेल्या चपला घेऊन तिथं. साहेबांची एक रीत होती. खुनी कोण, हे ते आपल्याला आधीच सांगून टाकायचे. पिक्चरमधल्या माणसांना माहीत नसायचं, आपल्याला माहीत असायचं. मग दोन तास आपला जीव टांगणीला. मी धंद्यात हेच उचललं. बैल मारका असेल तर गिऱ्हाइकाला पहिल्याच वाक्यात सांगायचं, हा मारतो. मग ते दावणीपाशी उभं राहून तासभर त्याच्या शिंगांकडेच बघतं, दात बघायचे विसरतं.

टॉकीज बंद झाल्यावर साहेबांचे आम्ही चार भक्त उरलो. ऑपरेटर, मी, एक रिटायर गुरुजी आणि चकलांब्याचा एक मेंढपाळ, जो बाजारच्या दिवशी मेंढरं विकायला यायचा. दर बाजारी दुपारी ऑपरेटरच्या दुकानात बैठक. पिक्चरची नावं आम्ही कधी घेतली नाहीत. नाव पोस्टरवाल्यासाठी असतं, असं ऑपरेटरचं म्हणणं. ज्या वस्तूवर सगळा डाव बेतलेला असेल, ते त्या पिक्चरचं नाव. कंदीलवाला. विहिरीवाला. शिडीवाला.

"कंदीलवालाच श्रेष्ठ," गुरुजी सुरू करायचे. "पहिल्या पाच मिनिटांत खुनी कळतो, आणि तरी माणूस खुर्चीतून हलत नाही. याला म्हणतात कारागिरी."

"गुरुजी, तुमचा कंदील तुमच्यापाशी ठिवा," मेंढपाळ म्हणायचा. "आपल्याला विहिरीवाला. त्यात मेंढरं हायत."

"दोनच हायत बे," मी म्हणायचो. "आन् ती बी गाण्यात."

"दोन असली तरी निरोगी हायत. साहेबांना जनावराची पारख व्हती."

मग भोकातून आवाज यायचा, "मेंढरं बघायला टॉकीजला कावून येतो? रानात काय अंधार हाय का?"

भांडण हातघाईवर येऊ लागलं म्हणून निकाल लावायची पद्धत मी आणली. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोन हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबतात. किती बोटं दाबली, ते त्या दोघांनाच माहीत. मी दलाल, म्हणून रुमाल माझा. प्रत्येकानं रुमालाखाली माझी बोटं दाबायची, एकपासून पाचापर्यंत. एक म्हणजे टाकाऊ, पाच म्हणजे अव्वल. बेरीज मी जाहीर करायचो. कोणी किती दिले, ते कोणी कोणाला विचारायचं नाही, आणि माझ्या बेरजेवर कोणी शंका घ्यायची नाही. वर्षानुवर्षं घेतली नाही. ऑपरेटर भोकातून हात बाहेर काढून बोटं दाबायचा. तेलकट हात, आणि तर्जनीला मशिनीच्या दिव्यातल्या जळत्या कार्बन-कांडीच्या जुन्या चटक्याचा कडक डाग. डोळे मिटून ओळखला असता.

दर वेळी शिडीवाला जिंकायचा.

तो पिक्चर थोडक्यात सांगतो, कारण सगळी खोच तिथंच आहे. एका वाड्याचा मालक माळ्यावर मेलेला सापडतो. माळ्याला जायला शिडी, आणि शिडी तर बाहेर बागेत पडलेली. संशय माळीबुवावर. पोलीस त्याच्या मागे, गाव त्याच्या मागे, आपणही त्याच्या मागे. आणि अगदी शेवटी, सगळं संपलं असं वाटत असताना, पडद्यावर मालकाची बायको हातात शिडी घेऊन अंधारातून चालत येते. साहेबांनी जन्मात एकदाच, फक्त याच पिक्चरमध्ये, आपल्यालाही काही सांगितलेलं नाही. आमच्या गेवराईत त्या वेळी बायका किंचाळल्या होत्या. मी स्वतः समोरच्या माणसाचं मानगूट धरलं होतं.

सहा-सात वर्षांखाली बीडच्या एका चित्रपटप्रेमी मंडळानं मला भाषणाला बोलावलं. साहेबांच्या पिक्चरवर. गुरुजींचा कोणी विद्यार्थी त्या मंडळात होता, त्यानं सांगितलं की गेवराईत एक भंगारवाला यावर प्राध्यापकासारखा बोलतो. मला. सातवी नापासाला. मी नवा सदरा शिवला. ऑपरेटर म्हणाला, "मी बी येतो. साहेबांची बात हाय." त्यानं निकाहातला काळा कोट काढला. बटणं लागत नव्हती, पण काढला.

हॉल भरलेला होता. ऑपरेटर दुसऱ्या ओळीत, काठाच्या खुर्चीवर. मी बोलायला लागलो आणि रंगलो. म्हणालो, कंदील मोठा, विहीर मोठी, पण साहेबांनी शिडीवाल्यात आपलाच कायदा मोडला, म्हणून तो सगळ्यात मोठा. बायको शेवटी येते तो सगळा प्रवेश मी हातवारे करून सांगितला.

एक तरुण प्राध्यापक उभा राहिला. अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही हा चित्रपट पाहिलाय, की ऐकलाय?"

"पंधरा वेळा पाहिलाय."

"कारण तो प्रवेश शेवटी नाहीये. मध्यंतरानंतर लगेच आहे. ती खुनी आहे हे आपल्याला तेव्हाच कळतं. पुढचा सगळा भाग ती सापडते की नाही, यावरच आहे. दिग्दर्शकानं कायदा कुठेच मोडलेला नाही."

त्यानं लॅपटॉप उघडला आणि भिंतीवर दाखवलंच. मध्यंतर, आणि लगेच ती बाई शिडी घेऊन चालत आली. हॉलमध्ये हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं. ते जास्त लागतं.

मी दुसऱ्या ओळीकडे बघितलं. एक माणूस होता त्या हॉलमध्ये ज्यानं तो पिक्चर आपल्या हातानं चालवला होता. आणि तो उभा राहिला. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता बोलेल. आता सांगेल, आमच्या गेवराईत असाच लागायचा, हा माणूस खोटं बोलत नाही.

त्यानं एक पाऊल उजवीकडे टाकलं, क्षणभर थांबला आणि खाली बसला. दहा मिनिटं झाली होती.

परतताना गाडीत, अर्ध्या रस्त्यात, तो म्हणाला, "त्या हॉलचा पंखा लई आवाज करत व्हता. बेअरिंग गेलंय."

मी गाडी थांबवली. "ऑपरेटर, पिक्चर कोणाचा खरा? त्यांचा का आपला?"

"त्यांच्याकडं असंल कापाकापी केलेला."

"मग तिथं कावून बोलला न्हाई?"

"मला कुणी विचारलं का?"

मी त्याला तिथंच हायवेवर उतरवला असता. कोट होता अंगावर, म्हणून नाही उतरवला.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. बैठकीला जात होतो, ते सोडलं नव्हतं, का सोडू? बोलायचं असलं की गुरुजींमार्फत. "गुरुजी, त्यांना म्हणावं चहात साखर कमी हाय." भोकातून उत्तर यायचं, "गुरुजी, सेठला म्हणावं रागात जीभ कडू होते." दोन हात अंतरावर बसलेली माणसं, आणि गुरुजी मध्ये टपाल वाहायचे. रुमालाखाली मात्र तो हात पुढे करायचा आणि मी धरायचो. तो व्यवहार होता.

मग टॉकीज पाडायला काढली. तिथं दुकानांची इमारत होणार होती. लोखंड, खुर्च्या, दारं-खिडक्या सगळं भंगार मी घासाघीस करून घेतलं. केबिनचं दार गोडाऊनला आलं, त्याला पत्र्याचं अस्तर होतं म्हणून उलटं करून बघितलं. आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. उजवीकडे कललेले आकडे, ऑपरेटरचेच. कूलरवर गिऱ्हाइकाचं नाव-नंबर लिहायचा, तसेच. वर 'शिडी'. खाली एका ओळीत एक ते नऊ. मग अकरा, बारा, तेरा. मग दहा. मग चौदा. आणि त्याखाली, 'असाच लावणे.'

मी त्या दारापुढे किती वेळ बसलो, सांगता येत नाही. सगळ्या गावाला त्यानं चुकीचा पिक्चर दाखवला होता. आणि हे माहीत असून बीडला माझी शोभा होऊ दिली होती.

बाजारचा दिवस बघितला. दार टेम्पोत टाकलं आणि बैठक भरल्यावर त्याच्या दुकानापुढे उभं केलं, आकडे भोकाकडे तोंड करून.

"वाचा गुरुजी," मी म्हणालो. "मोठ्यानं."

गुरुजींनी चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढून पुसायला लागले. मेंढपाळ म्हणाला, "म्हंजी? दहावं तेराव्याच्या मागं कसं?"

भोकात दोन डोळे होते. हलले नाहीत.

"बोल," मी ओरडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा थेट. "चूक झाली म्हण. एवढंच म्हण."

"चूक पहिल्या दिवशी झाली," आतून आवाज आला. "आधीच्या गावानं डबे बदलून पाठवले. दहावं रीळ तेराच्या डब्यात, त्यानं अकरा, बारा, तेरा एकेक डबा अलीकडं सरकलेली. मी न बघता लावली. बाई शिडी घेऊन आली तवा मला कळलं. मला घाम फुटला. म्हटलं आता शिव्या. 'ए ऑपरेटर, झोपला का बे', हे तर रोजचंच. तीस वर्षं माणसानं केबिनकडं मान वळवली ती शिवी द्यायलाच. त्या दिवशी खेळ सुटला आन् लोक जिन्याखाली उभे. विचारत व्हते, कोण हाय रे ऑपरेटर? मला वाटलं, मारतेत. एकानं वर चहा पाठवला. एका म्हाताऱ्यानं हात हातात घेतला. म्हणला, काय दाखवलंस बाबा. दुसऱ्या दिवशी रिळं परत नीट लावता येत व्हती. मी न्हाई लावली. साहेबांकडनं एक राहून गेलतं. मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त?" गुरुजी म्हणाले. ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चिडलेले दिसले. "अहो, साहेबांचा सगळा धर्म म्हणजे आधी सांगणं!"

"धर्म त्यांचा. खेळ माझा."

मेंढपाळ दाराकडे बघत म्हणाला, "मग आपण इतकी वर्सं अव्वल नंबर कुणाला दिला? साहेबांना का ऑपरेटरला?"

मला तेव्हा समजलं की बीडला तो का बोलला नाही. बोलला असता तर माझी अब्रू राहिली असती, आणि त्याचा एकुलता एक चहा गेला असता. समजलं, पण राग गेला नाही. समजण्याचा आणि राग जाण्याचा संबंध नसतो.

मी खांद्यावरचा रुमाल काढला. "सौदा करू. तुमी तो बीडचा पिक्चर पाहिला का?"

"पाहिला," तो हळूच म्हणाला. "पोरीच्या मोबाइलवर. दोनदा."

"मग रुमालाखाली सांगा. साहेबांचा शिडीवाला आन् गेवराईचा शिडीवाला. दोन आकडे. निकाल मी सांगतो, तो सगळ्यांनी मानायचा."

भोकातून हात आला. मी रुमाल टाकला.

"साहेबांचा," मी म्हणालो.

त्यानं माझी पाचही बोटं दाबली. लगेच. विचार न करता.

"गेवराईचा."

हात तसाच राहिला. बोळातून एक मोटरसायकल गेली. तर्जनीवरचा तो कडक डाग माझ्या तळव्याला लागत होता. मग त्यानं माझं एक बोट सोडलं. चार. थोडा वेळ गेला आणि अजून एक सोडलं. तीन. आणि मीच रुमालाखाली तो हात घट्ट धरून ठेवला.

"काय निघालं?" मेंढपाळ म्हणाला.

मी तिघांकडे बघितलं. बैलबाजारात, भंगारात, बैठकीत, मी रुमालाखालचा आकडा कधी फिरवला नव्हता. बापाच्या आजारपणात पैशाची नड होती तेव्हासुद्धा नाही.

"साहेबांचा चार," मी म्हणालो. "गेवराईचा पाच."

गुरुजींनी मान हलवली, त्यांना पटलं नव्हतं, पण माझ्या आकड्यावर शंका घ्यायची नाही हे ठरलेलं होतं. मेंढपाळ खूश झाला. म्हणाला, "आपलं गाव काय कमी न्हाई."

आणि ऑपरेटर? माणसानं निदान डोळे तरी खाली घालावेत. त्यानं हात आत ओढला, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि गुरुजींना म्हणाला, "बघा गुरुजी. सातवी शिकलेला हाय, पर पारख हाय सेठला."

मी कपबशी आपटली ती फुटली. तिचे पैसे त्यानं माझ्याकडून घेतले.

पुढे तो दोनेक वर्षं होता. आम्ही पुन्हा बोलायला लागलो, म्हणजे भांडायला लागलो. माफी त्यानं मागितली नाही. मी बीडचा विषय काढला की तो उठून एक पाऊल उजवीकडे टाकायचा, दहा मिनिटं झालेली नसली तरी. शेवटच्या दिवसांत मी घरी जायचो तेव्हा तो खाटेवर पडून असायचा आणि त्याचे पाय चादरीखाली हलायचे. मी घड्याळ बघितलं होतं. बरोबर दहा मिनिटांनी.

दार मी विकलं नाही. गोडाऊनच्या माझ्या खोलीला लावलंय, आकडे आतल्या बाजूला. आता बैठक नाही, गुरुजींना ऐकू कमी येतं, मेंढपाळानं मेंढरं विकून टाकली. म्हणून खरे आकडे इथं लिहून ठेवले. एवढे दिवस खोटा आकडा माझ्या नावावर होता, तो आता उतरला.

शिडीवाला आता माझ्याही मोबाइलवर आहे. परवा लावला. मध्यंतर झालं, आणि ती बाई अंधारातून यायला लागली तसं मी बोटानं पिक्चर पुढे सरकवला, माळीबुवाच्या मागे पोलीस लागतात तिथं. शेजारी बायको बघत होती.

"अहो, मधला तुकडा राहिला की."

"राहू दे," मी म्हणालो. "त्याला अजून वेळ हाय."